गर्दीत तापणारी गाडी

मिस्तरीच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत आणि ते त्याला आवडायचं. वरवर तो "अहो, कसलं काय" म्हणून हात झटकायचा. पण त्या दिवशी जेवताना बायकोला दोनदा तरी सांगायचा, की अमुक माणूस आज असं म्हणाला. बायको म्हणायची, "हाताला एवढा गुण आहे, तर मोरीतला नळ महिनाभर का गळतोय?" यावर तो मनापासून हसायचा. नळ मात्र गळतच राहायचा.

गॅरेज लहानच होतं. दोन गाड्या अंग चोरून शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी जागा, वर पत्रा, मागच्या भिंतीला एक लाकडी फळी. फळीवर खिळे आणि खिळ्यांना पाने टांगलेले. प्रत्येक पान्याच्या मागे त्यानं पांढऱ्या रंगानं त्या पान्याची आकृती काढून ठेवली होती, म्हणजे एखादा जागेवर नसला की लगेच डोळ्यांत भरावं. बावीस वर्षं त्यानं याच जागेत काढली होती. मोठमोठ्या दुकानांनी हात टेकून परत पाठवलेल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. तो बॉनेटवर तळहात ठेवायचा, जरा वेळ कान द्यायचा आणि दुखणं सांगायचा. दहातल्या नऊ वेळा तेच निघायचं.

वडील तो लहान असतानाच गेले. आई एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला जायची, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून शाळेत सोडणारी ताईच. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. ताईचं लग्न झालं तेव्हा तो कोपऱ्यात बसून रडला होता. पण ताईचा नवरा असा निघाला की वर्षभरात भावजींवाचून त्याचं पान हलेना. गॅरेजची जागा मिळाली तीही भावजींच्या ओळखीनं. भावजी टॅक्सी चालवायचे. शहरातल्या शहरात नाही. हमरस्त्यानं, दोन-तीन तासांच्या गावांना माणसं न्यायची आणि आणायची. बोलका माणूस. त्यांच्या गाडीत बसताना प्रवासी अनोळखी असायचा आणि उतरताना घरातल्या सगळ्या कुरबुरी सांगून मोकळा झालेला असायचा. भावजींची गाडी म्हणजे मिस्तरीच्या घरचीच गाडी. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपायचा नाही.

आई घरातून शेवटची निघाली ती त्याच गाडीत.

सकाळी अकराच्या सुमाराला आईच्या छातीत कळ आली. मिस्तरी एका ट्रकखाली आडवा झालेला होता, फोन दूर फळीवर. बायकोनं दोनदा लावला, मग ताईला लावला. भावजी घरीच होते. दहा मिनिटांत ते गाडी घेऊन आले. ताई मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि गाडी मोठ्या दवाखान्याकडे निघाली. मधला रस्ता खणलेला होता. चारही बाजूंनी गाड्या अडकलेल्या. त्या गर्दीत इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि भर रस्त्यात इंजिन बंद पडलं. भावजी उतरून गाड्या-गाड्यांतून धावले, लोकांच्या हातापाया पडले. अखेर एका टेम्पोवाल्यानं मागचं सामान उतरवून आईला घेतलं. दवाखान्याच्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत पाऊण तास गेला होता.

"अर्धा तास आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे वळला. तो बोलून विसरला असेल. ते वाक्य मात्र या लोकांच्या घरी राहायला आलं.

फोन उशिरा बघून मिस्तरी स्कूटरवरून आधी त्या बंद पडलेल्या गाडीपाशीच पोचला होता. बॉनेट उघडून त्यानं बघितलं, तर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बाटली रिकामी. तिथून तो दवाखान्यात गेला आणि आई गेल्याचं कळल्यावर, सगळ्यांच्या देखत, व्हरांड्यात भावजींवर तुटून पडला.

"बाटली ठणठणीत कोरडी आहे, भावजी! सकाळी झाकण उघडून पाणी बघायचं, एवढंसं काम. तेवढंही जमलं नाही तुम्हाला?"

"बघितलं होतं रे," भावजी म्हणाले.

"बघितलं होतं तर गेलं कुठं ते?"

गाडीतलं कळणारा माणूस बोलला होता. पुढं कुणी काही विचारलं नाही. ताईनं फक्त नवऱ्याकडे एकदा वळून बघितलं.

त्यानंतर ती बोललीच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्यांना जेवायला वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, त्यांचा डबा भरायची आणि खोलीतून जाताना भिंतीकडे बघत जायची. रात्री अंथरूण लेकीच्या खोलीत टाकायची. भावजींनी गाडीची किल्ली कपाटात ठेवली ती ठेवलीच. एका गोदामात खोकी मोजायचं काम त्यांनी धरलं. बोलका माणूस दिवसभर आकडे पुटपुटायला लागला. गाडी ताईच्या इमारतीखाली ताडपत्रीखाली उभी राहिली. दोघांतलं कुणी तिच्याकडे बघेना. मिस्तरी सणावाराला म्हणून नव्हे, सहज म्हणून ताईकडे जायचा, तेव्हा भावजी उठून गॅलरीत जात. त्यानं कधी अडवलं नाही. आपण बोललो ते तोडून बोललो, हे त्याला कळत होतं. पण खरं तेच बोललो, असंही त्याला वाटायचं.

दीड वर्षानं ताईचा फोन आला.

"समोरचा रंगवाला गाडी घेतोय. चालवून बघितली त्यानं, पण म्हणतो गर्दीत तापते. तू एकदा बघ, आणि माझ्या दारातून जाऊ दे ती. रोज खिडकीतून दिसते रे मला."

रंगवाला म्हणजे ताईच्या इमारतीसमोरचा रंगाचा दुकानदार, जाडजूड, गमत्या माणूस. तो स्वतःच गाडी घेऊन आला. "मिस्तरी, हमरस्त्यावर लोण्यासारखी जाते हो. काटा जागचा हलत नाही. पण दोन सिग्नल लागले की हिचा पारा चढतो. अगदी आमच्या घरच्यासारखं."

मिस्तरी हसला. मनातून त्याला बरंच वाटत होतं. ताईनं आपण होऊन काही काम सांगितलं होतं, कितीतरी दिवसांनी.

त्यानं रीतसर सुरुवात केली. पाणी पूर्ण भरलेलं होतं. कुठं गळती नाही. रेडिएटरचं झाकण बदललं, कारण ते सैल असलं तर पाणी लवकर उकळतं. गाडी परत आली. मग त्यानं थर्मोस्टॅट काढला. पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी ती छोटी झडप. पातेल्यात पाणी उकळून त्यानं ती त्यात टाकली. झडप नीट उघडली, तरी नवी बसवली. गाडी परत आली. रेडिएटर उतरवून आतून धुतला, तांबूस गाळ निघाला, त्याला वाटलं मिळालं दुखणं. चौथ्या दिवशी रंगवाला पुन्हा दारात.

"मिस्तरी, मी आता हिला घेऊ की हिच्यासाठी बर्फाची लादी घेऊ?"

मग पाण्याचा पंप उघडला. पाती शाबूत. इंजिनाच्या आतलं पॅकिंग गेलं असेल म्हणून तेल बघितलं, पाणी मिसळून ते दुधाळ झालं नव्हतं. पाण्यात बुडबुडे येतात का बघितलं, तेही नाही. पुढचा पंखा तर त्यानं पहिल्याच दिवशी बघितला होता. फिरत होता. फिरणाऱ्या पंख्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

आता मात्र त्याला चेव आला. जेवणावरचं लक्ष उडालं. बायको म्हणाली, "द्या ना दुसऱ्या कुणाकडे." तो तिच्यावर खेकसला. दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून तो स्वतः गाडी घेऊन निघाला आणि बाजाराच्या रस्त्यावर, अकरा वाजता, भर गर्दीत मुद्दाम जाऊन अडकला.

वीस मिनिटांत काटा मधल्या खुणेवरून वर सरकला. त्यानं गाडी जराशी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडून गाडीच्या पुढ्यात उभा राहिला. मागचा ट्रकवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ काका, गाडी काढा! इथंच संसार मांडताय का?" मिस्तरीला ते ऐकू आलं नाही. त्याच्या नडग्यांना चटका लागत होता.

पँटच्या कापडातून गरम वारा पायांवर येत होता. बंपरच्या जाळीतून, समोरून.

तो खाली बघत राहिला. समोरून वारा यायला नको होता. पंखा रेडिएटरच्या मागे असतो. तो बाहेरची गार हवा जाळीतून आत ओढतो. गाडीच्या पुढं उभ्या माणसाला तिथं काही जाणवायला नको. त्यानं खिशातलं हात पुसायचं फडकं काढलं आणि जाळीसमोर धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. फडकं उलट त्याच्या अंगावर फडफडत आलं.

पंखा उलटा फिरत होता.

एवढंच होतं दुखणं. गाडी पळत असली की वारा आपोआप आत घुसतो, पंखा उलटा की सुलटा कुणाला कळत नाही. गाडी थांबली की तो इंजिनाचीच गरम हवा रेडिएटरवर फेकत बसतो. पाणी उकळतं, वाफ होऊन निघून जातं आणि बाटली कोरडी पडते. दोन तारांची अदलाबदल झाली की पंख्याची मोटर उलटी फिरते. बाकी काही लागत नाही.

त्यानं वाकून तारा बघितल्या. प्लग कापून तारा पिळून जोडल्या होत्या, वर काळी टेप. टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या खेपेला नखानं सोडवता यावं म्हणून. तशी टेप मारणारा माणूस त्यानं बावीस वर्षांत दुसरा बघितला नव्हता.

आई गेली त्याच्या आठवडाभर आधी भावजींच्या गाडीचा पंखा जळला होता. नवी मोटर आणली, तिचा प्लग जुळेना. दुकानात परत जाऊन बदलून आणायला तासभर गेला असता. त्यानं प्लग कापला. दोन्ही तारा तेलानं इतक्या काळ्या झाल्या होत्या की रंग कळत नव्हता. त्यानं पुसूनही बघितल्या नाहीत. जोडल्या, गाडी चालू केली, पंखा गरगर फिरला. भावजी शेजारी उभे होते. "झालं?" त्यांनी विचारलं होतं. "झालं. आता जन्मभर बघायला नको," तो म्हणाला होता. मग आठवडाभर भावजी हमरस्त्यावरच होते. शहरातल्या गर्दीत ती गाडी पहिल्यांदा शिरली, ती आईला घेऊन.

गॅरेजमध्ये परत येऊन त्यानं तारा सोडवल्या आणि बदलून जोडल्या. दहा मिनिटं लागली. मग तो पुन्हा त्याच रस्त्यावर जाऊन गर्दीत बसला. पाऊण तास. हात स्टिअरिंगवर, डोळे काट्यावर. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं की आपली दुरुस्ती फसावी, काटा चढावा, दुखणं दुसरंच काही निघावं. काटा मधल्या खुणेवर आला आणि तिथं थांबला.

भावजींच्या गोदामात दुपारची सुट्टी होती. ते भिंतीशी एका पालथ्या खोक्यावर बसून डबा खात होते. मिस्तरीला बघून ते उठायला लागले.

"बसा, भावजी," तो म्हणाला आणि स्वतः उभाच राहिला. सगळं एका दमात सांगून टाकलं. पंखा, तारा, टेप. मध्ये एकदाही त्यांच्याकडे बघवलं नाही.

भावजींनी डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ ते झाकणच दाबत बसले.

"म्हणजे मी बघितलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी. त्या दिवशी सकाळी. मी बघितलं होतं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तू व्हरांड्यात बोललास तोवर मला पक्कं आठवत होतं. मग तू म्हणालास, ती तशी बघायला लागली... मला वाटायला लागलं, नसेल बघितलं. रोज बघतो, म्हणून त्या दिवशीही बघितल्यासारखं वाटतंय. दीड वर्ष मी रोज तेच शोधतोय रे. झाकण उघडलं होतं का, हात ओला झाला होता का. कधी आठवायचं, कधी नाही. आता तर काहीच आठवत नाही. तू सांगतोस म्हणून मानायचं."

मिस्तरीनं त्यांच्या पायांना हात लावायला वाकायचा प्रयत्न केला. भावजींनी पाय मागे घेतले. रागानं नव्हे, दचकून.

"मी आजच ताईला सांगतो," तो म्हणाला.

"नको."

"भावजी..."

"नको म्हणतो ना. आई गेली. नवरा असून नसल्यासारखा. तुझ्या घरी येते, चार घटका बसते, तेवढंच माहेर उरलंय तिला. ते कशाला तोडतोस? मला आता सवय झाली आहे." सुट्टी संपल्याची घंटा झाली. भावजी उठले, डबा पिशवीत टाकला. "आणि सांगितलंस म्हणून ती माझ्याशी बोलेल, असंही नाही."

मिस्तरी घरी आला. बायकोला म्हणाला, गाडीचं दुखणं मिळालं. तिनं विचारलं काय होतं, तर म्हणाला, "तार." त्या दिवशी तो पोटभर जेवला. आणि जेवून हात धुताना त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय. भावजींनी नको म्हटलं, आपण ऐकलं, आता कुणाला काही कळायचं कारण नाही. हे ध्यानात आल्यावर त्याला मोरीतच उलटी झाली.

दोन दिवस त्यानं काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ताईकडे गेला. ती पडदे शिवून द्यायचं काम करायची. जमिनीवर निळं कापड पसरलेलं, ताई तोंडात टाचण्या धरून गुडघ्यांवर बसलेली. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. ताईनं एकेक टाचणी तोंडातून काढून डबीत ठेवली.

"मुद्दाम नाही ना केलंस," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"नाही गं ताई."

"घाईत होतास."

"हो."

"ह्यांना सांगितलंस?"

"परवा सांगितलं. ते म्हणाले, ताईला सांगू नकोस."

ताईनं मान वर केली. "परवा? म्हणजे दोन दिवस हे माझ्यासमोर जेवतायत, आणि माहीत असून..." ती थांबली. मग म्हणाली, "मी दीड वर्ष ह्या माणसाकडे बघितलं नाही. आता बघायचं म्हटलं तर कुठल्या तोंडानं बघू, सांग ना. तुला सगळं कळतं ना? मग हेही सांग."

"त्या दिवशी आई शुद्धीवर होती," ताई म्हणाली. "गाडी बंद पडली तेव्हा म्हणाली, माझा बाळ येईल, करील चालू. दोनदा म्हणाली. तुला सांगितलं नव्हतं मी. तुला लागेल म्हणून."

तो दाराची चौकट धरून उभा होता. ताईनं कात्री उचलली. "जा तू आता. मला हे दुपारपर्यंत द्यायचंय."

तो गेला. ताई त्याच्या घरी आली नाही, त्या महिन्यात नाही, पुढच्याही नाही. बायकोनं फोन केला की दोन शब्द बोलायची, मुलीचं सांगायची, ठेवून द्यायची. गाडी रंगवाल्यानं नेली. आठवड्यानं तो मुद्दाम येऊन सांगून गेला, "मिस्तरी, आता कितीही गर्दी असू दे, गार! गुण आहे तुमच्या हाताला!" मिस्तरीनं मान हलवली.

गॅरेज त्यानं बंद केलं नाही. दुसरं काही येत नव्हतं. पण आता तो प्रत्येक नट आवळून पुन्हा सैल करायचा, पुन्हा आवळायचा. तारा जोडल्या की उघडून बघायचा. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागायला लागले. गिऱ्हाईकं आधी थांबली, मग कुरकुरली, मग हळूहळू दुसरीकडे वळली. बॉनेटवर तळहात ठेवायचं त्यानं सोडून दिलं. कुणी विचारलं, काय झालंय गाडीला, तर म्हणायचा, "उघडल्याशिवाय नाही सांगता येणार."

एकदा एक पट्टा आणायला तो बाजारात गेला होता. दुकानातून बाहेर पडताना रस्त्यापलीकडच्या बस थांब्यावर त्याला ताई आणि भावजी दिसले. दोघं शेजारी शेजारी उभे होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ताईनं काहीतरी म्हटलं. भावजींना गोंगाटात ऐकू गेलं नसावं. त्यांनी मान जरा तिच्याकडे झुकवली. तिनं पुन्हा म्हटलं. त्यांनी काही उत्तर दिलं की नाही, ते त्याला दिसलं नाही. तो एका उभ्या टेम्पोच्या आड सरकला होता. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. बस आली, दोघं चढले, बस निघून गेली. तो पट्टा हातात धरून बराच वेळ टेम्पोच्या आड उभा राहिला. मग टेम्पोवाला आला आणि त्याला म्हणाला, "काका, जरा सरका, गाडी काढायचीय."